लागोस बघायचं, पण जपून

लागोसमध्ये कितीतरी घरांच्या भिंतींवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत रंगवलेलं असतं : ‘हे घर विकाऊ नाही. ४१९पासून सावध.’ मालक परगावी असला की भामटे त्याचं घर परस्पर विकून मोकळे होतात, म्हणून ही खबरदारी. ४१९ हे नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम. आपल्याकडे ‘चारसोबीस’ तोंडी रुळलं, तसं तिथे हे. पश्चिम आफ्रिकेतल्या या सर्वांत मोठ्या शहरातले लोक आपल्या शहराचे धोके लपवत नाहीत, भिंतीवर लिहून ठेवतात. पाहुण्यानेही त्यांच्याच नियमांनी वागलं, तर लागोस धास्ती न बाळगता पाहता येतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. नायजेरिया म्हटलं की बोको हराम आठवतं. पण त्या संघटनेचं मुख्य क्षेत्र देशाच्या ईशान्य टोकाला, लागोसपासून खूप दूर आहे. लागोसमधली चिंता वेगळी : लुबाडणूक, फसवणूक आणि रस्त्यावरचे अपघात. अपहरणाची भीती शहराबाहेरच्या महामार्गांवर अधिक, म्हणून दुसऱ्या शहरात जाताना माहीतगार लोक शक्यतो विमानच पकडतात.

शहराचे ढोबळमानाने दोन भाग पडतात, मेनलँड आणि आयलंड. विमानतळ मेनलँडवर इकेजाला, तर पर्यटकांची बरीचशी हॉटेलं व्हिक्टोरिया आयलंड, इकोयी आणि लेक्की या पलीकडच्या भागांत. मध्ये खाऱ्या पाण्याचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यावर १९९०मध्ये पूर्ण झालेला, जवळजवळ १२ किलोमीटर लांबीचा थर्ड मेनलँड ब्रिज. दीड-दोन कोटी लोकांच्या या शहरात वाहतूक तुंबली की तासन्‌तास गाडी हलत नाही. या कोंडीला तिथे ‘गो-स्लो’ म्हणतात. गाड्यांच्या रांगांमधून फिरते विक्रेते केळ्याच्या वेफर्सपासून चार्जरपर्यंत सगळं विकतात आणि उघड्या खिडकीतून मोबाइल पळवणारेही याच गर्दीत मिसळलेले असतात. म्हणून काच वर, दार बंद आणि फोन खिशात. विमान दिवसाउजेडी उतरणारं निवडावं आणि हॉटेलची गाडी आधीच ठरवून ठेवावी. विमानतळाबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत अंगावर येणाऱ्यांना नम्र नकार पुरे.

काळ्या पट्ट्यांची पिवळी ‘डॅनफो’ मिनीबस ही लागोसची ओळख. नवख्याने मात्र ती बाहेरूनच पाहावी. एकच जागा शिल्लक आहे, असं भासवून प्रवाशाला आत घ्यायचं आणि आतल्या बाकीच्या ‘प्रवाशांनी’ मिळून त्याला लुटायचं, या प्रकाराला तिथे ‘वन चान्स’ असंच नाव पडलं आहे. ‘ओकाडा’ या मोटरसायकल-टॅक्सीवर २०२२पासून शहराच्या बऱ्याच भागांत बंदी आहे. ‘केके’ मात्र मराठी माणसाला लगेच ओळखू येईल : ती आपली तीनचाकी रिक्षा, आणि तिथे धावणाऱ्यांत पुण्याच्या बजाजच्या पुष्कळ. जवळच्या अंतरासाठी, दिवसा, ती चालते. एरवी अ‍ॅपवरून गाडी मागवावी, नंबर ताडून पाहावा आणि मगच बसावं. २०२३मध्ये सुरू झालेल्या ब्लू लाइन रेल्वेमुळे मरीना ते माइल टू हा १३ किलोमीटरचा टप्पा कोंडीविना पार होतो.

विमानतळ, पूल, सरकारी इमारती, पोलीस किंवा सैनिक यांचे फोटो काढू नयेत. त्यावरून चौकशी मागे लागते. लष्करी छापाचे कपडे तर घरीच ठेवावेत, सामान्य नागरिकाने ते घालणं तिथे बेकायदा आहे. पोलिसांनी गाडी अडवली तर आवाज न चढवता आधी नमस्कार-चमत्कार करावा. लागोसमध्ये अभिवादनाशिवाय कामाचं बोलणं हा उद्धटपणा समजला जातो. परदेशी पाहुण्याला ‘ओयिबो’ अशी हाक येते, तिचा राग मानू नये. पैसे बँकेत किंवा हॉटेलात बदलावेत, रस्त्यावर नाही.

एवढी काळजी घेतली की शहर मनमोकळं भेटतं. लेक्कीतली नाइके आर्ट गॅलरी मजल्यामागून मजले चित्रांनी आणि शिल्पांनी भरलेली आहे. तिच्या संस्थापक नाइके डेव्हिस-ओकुंदाये यांनी निळीत रंगवण्याची ‘आदिरे’ ही योरुबा लोकांची वस्त्रकला जगापुढे नेली. लेक्की कॉन्झर्वेशन सेंटरमध्ये झाडांच्या शेंड्यांजवळून ४०१ मीटर लांबीचा झुलता मार्ग जातो. ब्रिटिशांचा जुना तुरुंग होता तिथे आता फ्रीडम पार्क आहे. तिथे नाटकं आणि मैफली होतात. इकेजात फेला कुटी या बंडखोर गायकाच्या घराचं कलाकुटा संग्रहालय झालं आहे. बालोगुनच्या अफाट बाजारात आणि पाण्यावर खांब रोवून वसलेल्या माकोकोत स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये. माकोकोत तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढणं म्हणजे कुणाच्या घरात डोकावणंच. समुद्रावर जावं, पण अटलांटिकची ओढ जबर आहे. पोहण्याचा मोह टाळलेला बरा.

शाकाहारी माणसासाठी भिजवलेल्या चवळीचे ‘आकारा’ वडे आणि पिकलेल्या राजेळी केळ्यांचे तळलेले काप, म्हणजे ‘डोडो’, हा मोठा आधार. भाजी किंवा जोलोफ भात मागवताना मात्र विचारून घ्यावं, कारण सुक्या कोळंबीची पूड किंवा मांसाचा रस्सा त्यात असू शकतो. पाणी सीलबंद बाटलीचंच प्यावं. त्यावर ‘नाफडॅक’ या औषध-अन्न नियामक संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो.

आरोग्याची तयारी निघण्यापूर्वीच व्हायला हवी. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावर घ्यावी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. त्याची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी, कारण ते नसेल तर परतल्यावर भारतीय विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवलं जाऊ शकतं. मलेरियासाठी लस नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या लागतात आणि त्या परतल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवाव्या लागतात. शहरात अडचण आलीच तर ७६७ किंवा ११२ फिरवावा. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी नायजेरियाला जाऊन आलोय’ हेच सांगावं. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा असतो आणि उपचाराला एका दिवसाचा उशीरही महागात पडू शकतो.