ओंजळीत मावेल तो माइक

दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायचा. उरलेल्या बोटांनी छोटा माइक कवेत घ्यायचा, जाळी बाजाच्या पाठीकडे. मग उजवा हात त्यावर असा मिटायचा, की ओंजळीतून हवेची झुळूकही सुटू नये. आता चौथ्या छिद्रातून श्वास आत ओढायचा. उघड्यावर जो सूर बारीक आणि पत्र्यासारखा लागतो, तोच अॅम्प्लिफायरमधून सॅक्सोफोनसारखा जाड आणि किंचित फाटलेला होऊन बाहेर येतो. हात जरा सैल केला की तो पातळ होतो, मिटला की पुन्हा दाटतो. शिकागो ब्लूजमधल्या हार्मोनिकाचा, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या भाषेत ‘हार्प’चा, सगळा जीव या मिटण्या-उघडण्यात आहे.

हार्पसाठी माइक कोणता घ्यावा, हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तरुण मित्र विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादं प्रसिद्ध नाव आधीच पक्कं झालेलं असतं. माझं उत्तर मात्र नेहमी हातापासून सुरू होतं. ते तसं का, हे सांगण्यासाठी हा आढावा.

रविवारचा बाजार आणि विजेचा आवाज

आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की १९५८ च्या ‘सोलवां साल’मधलं हेमंतकुमारांचं गाणं आठवतं. त्यात बाजा वाजवला होता राहुल देव बर्मन यांनी. तो आवाज स्वच्छ आहे. स्टुडिओतल्या माइकने तो जसा आला तसा टिपला. ब्लूजमधली गोष्ट वेगळी आहे, कारण तिची जन्मजागाच वेगळी आहे.

मिसिसिपी, आर्कान्सा, लुइझियाना इथल्या कापसाच्या शेतांतून कृष्णवर्णीय मजुरांचे लोंढे उत्तरेकडे शिकागोला आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं संगीतही आलं. दर रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार भरायचा. जुने कपडे, हत्यारं, खाण्याच्या गाड्या आणि त्या गजबजाटात आसपासच्या घरांतून वायर ओढून वाजवणारे वादक. गिटार विजेची झाली, ढोल आले, आणि खिशातला बाजा त्यात बुडून जाऊ लागला. स्नूकी प्रायर हा वादक सांगायचा की, लष्करातल्या ध्वनिक्षेपकावर बाजा वाजवण्याची कल्पना त्याला सुचली आणि १९४५ मध्ये त्याने ती मॅक्सवेल स्ट्रीटवर आणली. पहिला कोण हा वाद बाजूला ठेवू. गरज सगळ्यांचीच होती.

त्या गरजेची कला केली लिटल वॉल्टरने. मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदातला हा विशीतला पोरगा. १२ मे १९५२ रोजी त्याने ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित केलं. चेकर कंपनीची ही तबकडी बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्यात शब्द नाहीत, गाणं सगळं बाजाचंच. वॉल्टरच्या आधीही लोक माइकवर वाजवत होते, पण आवाज मोठा व्हावा म्हणून. वॉल्टरने माइक आणि अॅम्प्लिफायर यांना वाद्याचेच भाग मानलं. अॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हवर ताण येऊन आवाज फाटू लागला, तर त्याने तो फाटलेला आवाज सजवला. त्याचा खास माइक कोणता, यावर हार्पवाले आजही वाद घालतात. वादाचा निकाल लागत नाही, कारण तो आवाज एका माइकचा नव्हताच. तो फुप्फुसांचा, जिभेचा आणि ओंजळीचा होता.

या लोकांच्या हातात जे माइक आले, ते संगीतासाठी घडवलेलेही नव्हते. टॅक्सीवाल्यांना निरोप देणाऱ्या कचेऱ्या, सभेचे कर्णे, हौशी रेडिओवाले यांच्यासाठी ते बनलेले. बोललेलं ऐकू यावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. तेच हार्पच्या पथ्यावर पडलं.

कमी ऐकणारा कान

सी पट्टीच्या बाजाचा सर्वांत खालचा सूर सुमारे २६२ हर्ट्झचा आणि वरचा २०९३ हर्ट्झचा. गाण्यासाठी जगभर वापरला जाणारा शुअर एसएम५८ हा माइक ५० पासून १५,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हार्पवाल्यांचा लाडका शुअर ‘ग्रीन बुलेट’ ५२० डीएक्स ऐकतो १०० ते ५,०००. कागदावर पहिला सरस दिसतो. पण पितळी पट्टीचा बाजा वरच्या पट्टीत टोचतो, आणि माइकने शिट्टी मारण्याचा धोकाही तिथेच जास्त असतो. तो भाग माइकने ऐकलाच नाही, तर सूर उबदार राहतो.

दुसरी गोष्ट दाबाची. बंद ओंजळीत बाजा वाजला की आतला दाब इतका वाढतो की माइकचं आतलं यंत्र, ज्याला ‘एलिमेंट’ म्हणतात, ते ताणलं जातं. नाद तिथेच दबतो, गोल होतो आणि मग अॅम्प्लिफायरकडे जातो.

ब्लूजमध्ये ज्या पट्टीचा बाजा असेल तिच्या पंचमाला षड्ज मानून वाजवतात. ईमध्ये वाजवायचं तर ए पट्टीचा बाजा घ्यायचा. असं केलं की मुख्य सूर श्वास आत ओढून लागतात. हे ओढलेले सूर जीभ आणि घसा यांच्या जोरावर खाली वाकवता येतात. त्याला ‘बेंड’ म्हणतात. आपल्या कानांना त्यात मींड ओळखू येईल. चांगला माइक ही मींड पुसत नाही, तिला वजन देतो.

आत काय दडलंय

*स्फटिक.* ओहायोतल्या अॅस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० हा या घराण्याचा मानबिंदू. त्याच्या मूळ एलिमेंटमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असतो. हे सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फेहलिंगचं द्रावण केलेल्यांना ते ओळखीचं असेल. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे ज्याक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. गॅसच्या लायटरमधली ठिणगीही याच तत्त्वावर पडते. या माइकचा आवाज करकरीत, धारदार आणि तरीही रसाळ. पण मीठ ते मीठच. दमट हवेत ते खराब होतं आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं मरतं.

हे मी वाचलं होतं, तरी माझा जेटी-३० मे महिन्यातल्या एका दुपारी बंद गाडीत राहिला. संध्याकाळी जोडला तेव्हा कागद चुरगाळल्यासारखा क्षीण आवाज आला, आणि नंतर तोही गेला. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात, गोव्याच्या खाऱ्या हवेत स्फटिकाचा माइक बाळगणाऱ्याने सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा वापरावा, आणि गाडीत तो कधीही ठेवू नये.

*सिरॅमिक.* तत्त्व तेच, पण पदार्थ टणक. ऊन-पाऊस सोसतो. आवाज बहुधा पातळ आणि कोरडा. टिकाऊपणासाठी घ्यावा, लाडासाठी नाही.

*नियंत्रित चुंबकीय.* १९४९ मध्ये शिकागोच्याच शुअर कंपनीने ग्रीन बुलेट आणला. जुन्या ग्रीन बुलेटमधल्या या एलिमेंटना हार्पवाले ‘सीआर’ आणि ‘सीएम’ म्हणतात. आवाज जाड, गडद, मधल्या सुरांत भरदार. जुना शिकागो आवाज हवा असणाऱ्यांचा शोध बहुतेक वेळा इथे येऊन थांबतो. स्फटिकापेक्षा हे कितीतरी काटक.

*डायनॅमिक.* चुंबकाच्या क्षेत्रात हलणारं तारेचं वेटोळं. गायकांचे बहुतेक माइक याच जातीचे. आजचा ५२० डीएक्स आणि होनरचा हार्प ब्लास्टर एचबी५२ हे या गटातले बुलेट, म्हणजे गोळीच्या घाटाचे माइक. ऑडिक्सचा फायरबॉल व्ही आखूड आणि हलका, आवाजाने जास्त स्वच्छ. पॉल बटरफिल्ड या शिकागोच्याच वादकाच्या हातात मात्र शुअर ५४५ असायचा, गायकी माइकच्या घाटाचा. त्याच्या वादनातली धग ऐकली की ब्लूजला बुलेटच लागतो हा समज गळून पडतो.

हात आधी

आता मुख्य मुद्दा. एलिमेंटची इतकी चर्चा होते, पण माइकची बाहेरची बांधणी हातात कशी बसते याची फारशी होत नाही. आवाज घडतो तो ओंजळीच्या बंदिस्तपणातून. फट राहिली की खर्ज गळतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

ग्रीन बुलेट देखणा आहे, पण वजनदार आणि रुंद. लहान पंजाच्या माणसाची बोटं त्याभोवती पुरत नाहीत. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात डावं मनगट भरून येतं, पकड ढिली पडते आणि आवाज पातळ होतो. वादकाला वाटतं अॅम्प्लिफायर बिघडला. जेटी-३० त्यामानाने लहान आणि हलका. शुअरचा एसएम५७ हा बारीक दंडगोल, लांबी १५७ मिलिमीटर, वजन २८४ ग्रॅम. त्याचं तोंड अरुंद असल्याने ओंजळ चटकन मिटते, पण शेपूट लांब, त्यामुळे वजन मागे ओढतं. म्हणून काही कारागीर त्याचा दांडा कापून तो आखूड करून देतात आणि खाली आवाजाची घुंडी बसवतात. लहान हातांसाठी आज यापेक्षा सोयीची वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा. ५७, ५८ हे समोरून जास्त ऐकणारे माइक. मागचा आवाज टाळण्यासाठी त्यांच्या तोंडामागे हवेच्या फटी ठेवलेल्या असतात. ओंजळीने त्या झाकल्या की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो. तेव्हा ‘हा माइक शिट्टी मारत नाही’ हा दुकानातला दावा हार्पवाल्यासाठी लागू होत नाही.

आणि प्रत्येक वादनाला ओंजळ बंद हवी असंही नाही. दुसऱ्या सनी बॉय विल्यमसनने, म्हणजे राइस मिलरने, बरंचसं वादन स्टँडवरच्या माइकसमोर केलं. हात मोकळे ठेवून तो बाजाला बोलतं करायचा. तुमचं मन त्या वाटेला ओढत असेल, तर गायनाचा साधा माइक पुरे. पैसे चांगल्या बाजांवर खर्च करावेत.

जोडणी, घुंडी, शिट्टी

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती इम्पीडन्समध्ये, म्हणजे विजेच्या अवरोधात. गिटारच्या अॅम्प्लिफायरला जास्त इम्पीडन्सचा माइक हवा असतो. बुलेट तसे असतात. स्फटिकाला तर काही मेगओमचा इनपुट मिळाला तरच खर्ज पुरा उमटतो. एसएम५७, ५८ कमी इम्पीडन्सचे. त्यांची वायर नुसती बदलून गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये खुपसली तर आवाज मरगळलेला येतो. मध्ये इम्पीडन्स जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की तोच माइक जागा होतो. किती मित्रांनी या एका तुकड्याअभावी चांगले माइक विकून टाकले, ते पाहून मला वाईट वाटतं.

माइकवर आवाजाची घुंडी असावीच. दोन ओळींच्या मध्ये, बाजा बदलताना, गायक गात असताना आवाज बोटाने खाली आणता येतो. उघडा, चालू बुलेट अॅम्प्लिफायरच्या दिशेने गेला की तो किंचाळतोच. त्यावर उपाय साधे आहेत. अॅम्प्लिफायरच्या थेट समोर उभं राहू नये. ट्रेबल उतरवावा, बेस चढवावा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असेल तर पहिल्या जागेचा १२एएक्स७ काढून १२एवाय७ किंवा १२एयू७ लावावा, म्हणजे वाढ कमी होते आणि घुंडी फिरवायला वाव मिळतो. १९५०च्या दशकाअखेरचा, चार दहा-इंची स्पीकरांचा फेंडर बेसमन हार्पवाल्यांना इतका प्रिय आहे, पण तो बनवला होता बेस गिटारसाठी. घरी सरावाला लहानसा, एका स्पीकरचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर भरपूर होतो.

घेण्यापूर्वी

जुना माइक घेताना तो चालू स्थितीत, स्वतः वाजवून घ्यावा. कवच चकचकीत आणि आत मेलेला स्फटिक, असे माइक बाजारात पुष्कळ. जुन्या माइकना स्क्रूने फिरवून बसवायचं कनेक्टर असतं. त्याची वायर मिळते का, हे आधी पाहावं. नवा घेताना दुकानात स्वतःचा बाजा न्यावा आणि तीन गोष्टी कराव्यात. आधी माइक न जोडता नुसता बाजासकट धरून पाच मिनिटं वाजवावं. हात दुखला तर तो माइक तिथेच ठेवावा. मग जोडून एकच ओढलेला सूर लांब धरावा आणि ओंजळ हळूहळू उघडावी-मिटावी. सुराचा रंग बदलला पाहिजे. नुसता लहान-मोठा होत असेल तर माइक तुमच्याशी बोलत नाही. शेवटी सर्वांत हळू वाजवावं. जोराने वाजवलं की कोणताही माइक गुरगुरतो. हळुवार सुरात जो दाट राहतो तो खरा.

मुंबईत २०११ पासून मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला आणि बडी गायसारखा शिकागोचा दिग्गज वांद्र्याला येऊन वाजवून गेला. तेव्हापासून आपल्याकडेही हार्प हाती घेणारी मुलं दिसू लागली आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की पहिले काही महिने माइकशिवाय काढा. बाजा आणि रिकामी ओंजळ. ओंजळ मिटल्यावर विजेविना सूर बदलतो, तो ऐका. ज्याला तो फरक ऐकू आला, त्याला माइक निवडणं जड जात नाही.

माझा तो उन्हात मेलेला जेटी-३० मी टाकला नाही. कवच माझ्या पंजात वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं, त्याचा मागचा उतार अंगठ्याला पाठ झालेला. एका कारागिराने मेलेला स्फटिक काढून, रबराची कडी घालून त्यात जुना चुंबकीय एलिमेंट बसवून दिला. आवाज आधीपेक्षा गडद झाला आहे. पहिल्या संध्याकाळी तो अनोळखी वाटला. आठवडाभरात बोटांनी तो आपलासा केला. एलिमेंट बदलता येतो, वायर बदलता येते, व्हॉल्व्ह बदलता येतात. पंजा मात्र जन्माला येताना मिळालेला, तोच राहतो. म्हणून निवड तिथून सुरू करायची.