पंधरा मिनिटांचे तिकीट

मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात लिओनार्दो दा विंचीचे ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र आहे. ते पाहायला फक्त १५ मिनिटे मिळतात. १४९५ ते १४९८ च्या सुमारास लिओनार्दोने ते ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवले आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. १९७८ ते १९९९ अशी तब्बल २१ वर्षे त्याची डागडुजी चालली. श्वासातली वाफ, कपड्यांवरची धूळ यांचीही त्याला बाधा होते. म्हणून लहान गटांनाच आत सोडतात. साहजिकच तिकिटे काही महिने आधीच विक्रीला येतात आणि भराभर संपतात. ऐनवेळी दारात मिळेल, ही आशा न धरलेलीच बरी.

इतर ठिकाणीही तिकिटांची अशीच कडक शिस्त असते. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी, केवळ ऑनलाइन मिळतात. स्पेनमधील ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात नासरी राजवाड्यांची प्रवेशवेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की राजवाडे हुकले, आणि खरे वैभव तर तिथेच आहे. रोमच्या कोलोसियमच्या तिकिटावर पर्यटकाचे नाव असते. घाऊक खरेदी करून चढ्या भावाने विकणाऱ्यांना आवरण्यासाठी हा नियम आला. प्रवेशद्वारापाशी ओळखपत्र तपासतात, त्यामुळे आरक्षण करताना पासपोर्टवरचेच नाव जसेच्या तसे भरावे लागते.