परसातल्या फुलांचा फोटो

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची जास्वंदीची रोपं परत आली. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत फूल फिकं गुलाबी, आणि गिऱ्हाइकाच्या दारात उमललं ते लालभडक! फोटो भर दुपारी काढलेला. कडक उन्हात रंग उडतो.

तेव्हापासून आम्ही कोवळ्या उन्हातच फोटो काढतो. जास्वंद तर संध्याकाळी मिटतेच. गुलबक्षीचं मात्र उलट, ती दुपार कलल्यावर उमलते.

आधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसा. कणकेचा हात लागलेलाच असतो. झूम करू नका, फुलाच्या जवळ जा. मग पडद्यावर फुलावरच बोट टेकवा. मोगऱ्यासारखं पांढरं फूल फोटोत चुन्याचा ठिपका दिसतं. बऱ्याच फोनवर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते जरा खाली ओढा. पाकळ्या सुट्या दिसतात. फिल्टर लावून रंग चढवू नका, रोप पुन्हा परत येईल. फुलासोबत पानं, कुंडीही दिसू द्या.

ताईंनी त्याच जास्वंदीचा फोटो सकाळी सातला पुन्हा काढला. गणपतीला लाल जास्वंद लागतेच. चतुर्थीआधी सगळी रोपं गेली.