सुई टोचणारे काका

दातांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘गप बस हं, नाहीतर काका सुई टोचतील.’’ ज्याला उद्देशून ते म्हटलेलं असतं, तो चार वर्षांचा गडी तोवर माशांच्या टाकीला नाक लावून मजेत उभा असतो. आता तो आईच्या ओढणीत तोंड लपवतो. आत गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं डॉक्टरांची झटापट चालते ती या वाक्याशी; दातांची पाळी नंतर.

मुलं दातांच्या डॉक्टरांना घाबरतातच, असं आपण धरून चालतो. पण ज्यानं तो दवाखाना कधी पाहिलेलाच नाही, त्याच्या मनात भीती येणार कुठून? बहुतेकदा ती घरून डब्यासारखी भरून दिलेली असते.

सुरुवात भाषेपासूनच होते. ‘दात किडला’ असं मोठी माणसं सहज म्हणून जातात. मुलाला मात्र तोंडात खरोखरची अळी वळवळताना दिसते. दातात किडा नसतो, हे फ्रान्सच्या प्येर फोशार या दंतवैद्यानं १७२८ सालीच ग्रंथात लिहून ठेवलं. तरी दातातून किडा काढून दाखवणारे रस्त्यावर अजून भेटतातच. खरा प्रकार असा : तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात, त्यातून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दाताचं कवच विरघळत जातं. मुलाला एवढंच सांगावं, ‘‘दाताला खड्डा पडलाय, डॉक्टर तो बुजवतील.’’ खड्डा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत की!’ हे पालुपद आजीपासून बाबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. पडणार हे खरं, पण कधी? समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडतात. मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला पुढची सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे. शिवाय ती खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून असते. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि मागाहून येणारा दात वाट मिळेल तिथून, वाकडा येतो. आणखी एक घोळ सहाव्या वर्षी होतो. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती यायच्या आधी काही पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात. ती कायमची असते.

‘दुखायला लागलं की नेऊ’ हा समज मला सगळ्यांत महागडा वाटतो. पहिली भेटच ठणक्याची असली, तर मुलाच्या मनात दवाखाना आणि वेदना यांची गाठ पक्की बसते. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा दाखवून आणावं, असं बालदंतवैद्य सांगतात. त्या भेटीत करायचं फारसं काही नसतं. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या, असं थोडं बोलणं होतं. बाळ रडलं तरी बिघडत नाही. उलट तोंड आयतंच उघडतं! आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, आणि मग अलगद मागे कलवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. वर पाहिलं की आईचा चेहरा दिसतो. मिनिटभरात काम होतं.

मोठ्या मुलाला घरून निघताना आपण प्रेमानं सांगतो, ‘‘काही दुखणार नाही हं.’’ त्यातला त्याला ऐकू येतो तो ‘दुखणं’ हा शब्द. आणि खरंच थोडं टोचलं, तर आपण खोटे ठरतो. ‘शहाण्यासारखा बसलास तर चॉकलेट’ याचंही तेच; एवढी लाच देतात म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार, हे त्याला बरोबर कळतं. (शिवाय चॉकलेट! दातांच्या दवाखान्यातून येताना!)

अनुभवी डॉक्टर काय करतात ते बघण्यासारखं असतं. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. पॉलिशचा फिरता ब्रश पहिल्यांदा मुलाच्या अंगठ्याच्या नखावर फिरतो. गुदगुल्या होतात. हवेची फुंकर तळहातावर येते. थुंकी ओढणारी नळी ‘पाणी पिणारा पाइप’ होते आणि मुलाच्या हातात दिलेल्या आरशात त्याला स्वतःचीच दाढ दिसते. या वेळी आईबाबांनी शेजारी बसावं, हात धरावा, पण बोलू नये. तिघं एकदम ‘आ कर, आ कर’ म्हणायला लागले की मूल तोंड घट्ट मिटतं.

प्रत्येक किडलेल्या दाताला ड्रिल आणि सुई लागतेच, असंही नाही. काही वेळा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं ब्रशनं लावून कीड थांबवता येते. डाग मात्र काळा पडतो आणि राहतो. काही दाढांवर न कोरता, न टोचता स्टीलची टोपी बसवता येते. कुठे काय चालेल, ते डॉक्टर ठरवतील. सुई द्यावीच लागली, तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात. तेवढा वेळ लक्ष ठेवा.

वेळ शक्यतो सकाळची घ्या. झोपेच्या वेळी नेलेलं मूल कुठेही किरकिर करणारच. आणि घरी परतल्यावर दारातच आजी ‘‘दुखलं का रे बाळा?’’ विचारायच्या आत आपण विचारून टाकावं, ‘‘डॉक्टरांनी किती दात मोजले?’’ चार वर्षांचं मूल असेल तर उत्तर छाती काढून येतं : ‘‘वीस!’’