गाडी चकाचक, पण खालून?

पहिली नोकरी, दुसरं इन्क्रिमेंट आणि मग सेकंडहँड कार! आपल्यातल्या बहुतेकांचा फंडा साधारण हाच. रंग झक्कास, एसी थंडगार, म्युझिक सिस्टीम दणदणीत आणि किंमत बजेटमध्ये. मग आणखी पाहायचं काय? बॉस, गंज पाहायचा!

माझ्या चुलतभावाला अशीच एक गाडी आवडली. मुंबईहून आलेली, सोळा वर्षांची हॅचबॅक. काकांच्या चेकअपसाठी दर महिन्याला अमरावती-नागपूर करायचं, म्हणून ही धडपड. ट्रायलसाठी एजंटला सोबत घेऊन निघालो. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि हायवेलगतच्या एका गॅरेजवर थांबलो. मिस्त्रींनी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वरतून काय पाह्यता ताई, खालतून पाहा," म्हणाले आणि जॅक लावला. एजंटला विचारून त्यांनी दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. जरासा दाब दिला, तर टोक सरळ आत! पत्र्याच्या जागी नुसती लांबी भरून वर रंग मारलेला. सौदा तिथेच संपला.

पत्रा हाच सांगाडा

ट्रक किंवा जुन्या जीपला वेगळी चासी असते. बहुतेक कार मात्र मोनोकॉक असतात, म्हणजे बॉडी हीच चासी. फ्लोअर, रनिंग बोर्ड, पिलर हे सगळे मिळून वजन पेलतात आणि धडक बसली की तिचा जोर वाटून घेतात. सस्पेन्शन आणि सीट बेल्टचे बोल्टही याच पत्र्यात. तो कुजला, तर बेल्ट लावूनही उपयोग किती?

वऱ्हाडात समुद्र कुठाय?

नाहीच. पण लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढं गंजाला पुरतं. मीठ मिळालं की त्याचा वेग वाढतो. म्हणून किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिलेली गाडी इकडे येताना गंजही घेऊन येते. आणि आपली काळी माती? ती चाकाच्या वरच्या कमानीत चिकटते, ओल धरून बसते. दरवाज्यांखाली पाणी जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली, की पाणी आतच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला, याचा अर्थ आत काम बरंच पुढे गेलेलं असू शकतं.

घ्यायच्या आधी हे कराच!

• गाडी रॅम्पवर किंवा जॅकवर चढवून खालून बघा. टॉर्च न्या.
• मॅटिंग उचला. खाली ओल किंवा कुबट वास असेल, तर सावध व्हा.
• रनिंग बोर्डवर कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. लोखंडी पत्र्यावर ते धरत नसेल, तर खाली लांबीचा जाड थर असू शकतो.
• बॉनेट उघडून शॉकॉबच्या वरच्या माउंटिंगभोवती तडे, गंज किंवा नवं वेल्डिंग दिसतंय का, ते तपासा.
• खाली ताजा काळा अंडरकोट दिसला, तर तो कशासाठी मारलाय ते विचारा.

वरवरचा गंज घासून, प्रायमर आणि रंग मारून थांबवता येतो. सांगाड्याला भोक पडलं असेल, तर कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायलाच हवा. लांबी भरणं म्हणजे रिपेअर नव्हे, मेकअप!

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे आरटीओत फिटनेस तपासून ते दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. वेल्डिंगचा आणि रिन्यूअलचा खर्च आधी किमतीत मिळवा, मगच घासाघीस करा. आणि सीट बेल्टचं किंवा सस्पेन्शनचं माउंटिंगच कुजलेलं निघालं, तर एजंटला सरळ रामराम ठोका. गाडी दुसरी मिळेल, मागच्या सीटवर बसणारे आईबाबा नाही.