लहान टू-स्ट्रोक इंजिनातील संपीडनवृद्धी

लहान टू-स्ट्रोक इंजिनातील संपीडनवृद्धी म्हणजे ठिणगी पडण्यापूर्वी सिलिंडरमधील हवा व इंधनाचे मिश्रण मूळ रचनेपेक्षा अधिक दाबले जाईल, असा बदल करणे. अशी इंजिने मोपेड, फवारणी पंप, ग्रासकटर व साखळी करवत यांत वापरली जातात. भारतात १९७२ साली बाजारात आलेली ५० घसेंमी क्षमतेची लुना मोपेड हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

संपीडन गुणोत्तर

दट्ट्या तळाशी असतानाचे सिलिंडरचे एकूण आकारमान भागिले तो माथ्याशी असताना उरणारे आकारमान, यास भौमितिक संपीडन गुणोत्तर म्हणतात. सिलिंडरचा व्यास ४० मिमी व दट्ट्याची धाव ३९.८ मिमी असल्यास विस्थापन ५० घसेंमी होते. माथ्याशी ७ घसेंमी जागा उरत असेल, तर गुणोत्तर ५७ भागिले ७, म्हणजे सुमारे ८.१ येते.

टू-स्ट्रोक इंजिनात मात्र निष्कास द्वार (एक्झॉस्ट पोर्ट) दट्ट्याने झाकले जाईपर्यंत खरे संपीडन सुरू होत नाही. वरील इंजिनात हे द्वार माथ्यापासून २४ मिमी अंतरावर बंद होत असेल, तर प्रत्यक्ष गुणोत्तर केवळ ५.३ भरते. अधिक वेगासाठी या द्वाराची वरची कड १ मिमी उंच कोरल्यास ते ५.१ पर्यंत घटते. त्यामुळे दोन इंजिनांची तुलना करताना कोणते गुणोत्तर दिले आहे, हे पाहणे आवश्यक असते.

पूर्वतपासणी

जुन्या इंजिनाचे संपीडन बहुधा झिजेमुळे घटलेले असते. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून इंजिन अनेक वेळा फिरविल्यास दाब कळतो. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब वाढला, तर रिंग किंवा सिलिंडर झिजल्याची शक्यता असते. अशा वेळी रिंग बदलणे, किंवा सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या बसविणे, हाच योग्य उपाय ठरतो. हेड गॅस्केटमधील गळती व सैल प्लग हीही कारणे असू शकतात.

पद्धती

पातळ हेड गॅस्केट: वरील उदाहरणात गॅस्केट ०.५ मिमीने पातळ केल्यास माथ्याची जागा सुमारे ६.४ घसेंमी होते. भौमितिक गुणोत्तर ८.८ व प्रत्यक्ष गुणोत्तर ५.७ होते.

हेड घासणे: लेथवर हेडचा पृष्ठभाग कापून ज्वलनकक्ष लहान केला जातो. किती आकारमान घटेल, हे कक्षाच्या आकारावर अवलंबून असते.

तळाचे गॅस्केट पातळ करणे: यामुळे संपूर्ण सिलिंडर खाली येतो. निष्कास द्वार संपीडनाच्या वेळी लवकर झाकले जात असल्याने प्रत्यक्ष गुणोत्तर अधिक वाढते. तथापि सर्व द्वारांच्या उघडझापीची वेळ बदलते आणि उच्च वेगावरील शक्ती घटू शकते.

हेड किंवा दट्ट्या बदलणे: लहान ज्वलनकक्षाचे हेड अथवा अधिक फुगीर माथ्याचा दट्ट्या वापरला जातो.

प्रत्येक बदलानंतर दट्ट्या व हेड यांमधील अंतर तपासावे लागते. त्यासाठी प्लगच्या छिद्रातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालून इंजिन हाताने फिरवितात व चेपलेल्या तारेची जाडी मोजतात. हे अंतर फार कमी राहिल्यास उच्च वेगात दट्ट्या हेडवर आदळू शकतो.

मर्यादा

आदर्श ऑटो चक्रात गुणोत्तर ६ वरून ८ केल्यास औष्णिक कार्यक्षमता सुमारे ५१ टक्क्यांवरून ५६ टक्के होते. ८ वरून १० केल्यास ती ६० टक्के, तर १० वरून १२ केल्यास ६३ टक्के होते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच कमी असतात, परंतु लाभ उत्तरोत्तर घटतो हा कल कायम राहतो. याउलट तापमान व नॉकिंगचा धोका वाढत जातो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला ज्वलन होत असल्याने दट्ट्यास थंड होण्यास अवधी कमी मिळतो; सततच्या नॉकिंगमुळे त्याच्या माथ्यास छिद्र पडू शकते. म्हणून अधिक ऑक्टेन अंकाचे इंधन, थंड प्रतीचा स्पार्क प्लग किंवा उशिरा पडणारी ठिणगी यांची जोड द्यावी लागते.

क्रँककेसमधील संपीडन ही स्वतंत्र बाब आहे. ते ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. क्रँकशाफ्टचे सील गळत असल्यास ते घटते आणि हेडमधील बदलाने सुधारत नाही.