शेतावरील वेल्डिंग यंत्राची निवड

सांताक्रूझच्या पूर्वेस कोळेकल्याण व कलिना या गावांभोवती एके काळी भाताची खाचरे होती. आता तेथे विमानतळ, विद्यापीठाचे आवार आणि दाट वस्ती आहे. उपनगरांतून शेती उठली, तरी उत्तरेकडील वसई, पालघर व वाडा या भागांतील भातशेतकऱ्यास यंत्रे व सुटे भाग यांसाठी मुंबईचाच बाजार जवळचा वाटतो. नागदेवीच्या पेठेत पाच-दहा हजार रुपयांच्या घरात मिळणारे लहान वेल्डिंग यंत्र पिशवीत घालून तो लोकलने, सांताक्रूझवरून, त्याच दिवशी घरी नेऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरचे जुने यंत्र उचलावयास दोन माणसे लागत. यंत्र हलके व स्वस्त झाले ही इष्ट गोष्ट होय. परंतु त्यामुळे ते पुरेशा विचाराविना घेतले जाण्याचा संभवही वाढला आहे.

अशा यंत्राची गरज कोणत्या वेळी भासते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. चिखलणीच्या ऐन दिवसांत पॉवर टिलरच्या लोखंडी चाकाचा आरा निखळतो किंवा ट्रॉलीचा कोयंडा तुटतो. तालुक्याच्या कारखान्यात त्याच आठवड्यात सर्वांची गर्दी असते. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावणी होणे चांगले. रोप जून झाल्यास फुटवे कमी येतात. दहा मिनिटांच्या सांध्यासाठी चार दिवस गेले, तर त्याची किंमत यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावी. याउलट वर्षाकाठी दोन-तीनच सांधे करावयाचे असतील, तर स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी शेतकरी गटाने किंवा अवजारे बँकेने एक चांगले यंत्र ठेवणे अधिक सोयीचे.

शेतावर रॉडने करावयाचे साधे आर्क वेल्डिंगच उपयोगी पडते. वायूच्या आवरणाखाली तारेने करावयाच्या पद्धतीत सिलिंडर बाळगावा लागतो, आणि उघड्यावरील वाऱ्याने ते आवरण उडून जाते. रॉडवरील लेप जळून स्वतःच आवरण निर्माण करतो. थोडाफार गंज व वारा तो सहन करतो.

खरेदीच्या वेळी बहुतेकांची दृष्टी खोक्यावरील २०० किंवा २५० या आकड्याकडे जाते. हा आकडा पुष्कळदा केवळ नमुन्याचे नाव असतो. निवडीचा आरंभ यंत्रापासून न करता घरातील वीजपुरवठ्यापासून करावा. कारखान्यांतील मोठी यंत्रे बहुधा दोन किंवा तीन फेजवर चालतात. शेतीपंपांच्या वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा ठराविक तासच मिळतो. शिवाय मंजूर कारणाहून अन्य कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर ठरतो. म्हणून पंपाच्या जोडणीवर यंत्र चालविण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे. सामान्य शेतकऱ्यास घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल-फेज जोडणीवर चालणारे यंत्रच घेणे प्राप्त आहे.

ही जोडणी किती भार पेलते? अडीच मिलिमीटर जाडीचा रॉड सुमारे ८० अँपियरवर चालतो व आर्कचा दाब २३ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे सांध्यावर पावणेदोन-दोन किलोवॅट शक्ती खर्च होते. यंत्रातील घट धरून सामान्य इन्व्हर्टर यंत्र त्यासाठी वाहिनीतून सुमारे १४ अँपियर ओढते. १६ अँपियरच्या प्लगची मर्यादा येथेच जवळ येते. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपियर लागतात. त्यासाठी मीटरजवळून जाड तारेची स्वतंत्र जोडणी घ्यावी. ४ मिलिमीटरच्या रॉडचा नाद घरगुती जोडणीवर सोडून द्यावा. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, कोन व नळ्या हेच शेतावरील बहुतेक काम असते, आणि त्यास पहिले दोन रॉड पुरतात. जाड लोखंडाच्या कडा घासून उतरत्या कराव्यात व सांधा दोन-तीन थरांनी भरावा.

गोठ्यापर्यंत वायर ओढताना होणारी चूक वारंवार दिसून येते. ४० मीटर लांबीची, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १८ अँपियरच्या भाराखाली सुमारे २० व्होल्ट खाऊन टाकते. गावात सायंकाळी दाब आधीच २०० व्होल्टच्या खाली आलेला असेल, तर उरलेल्या दाबावर यंत्र बंद पडते किंवा रॉड चिकटतो, आणि दोष यंत्रास दिला जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास ही घट निम्म्याहून कमी होते.

यंत्राच्या माहितीपट्टीवर तीन गोष्टी वाचाव्यात: कमाल अँपियर, किती दाबापर्यंत यंत्र चालते, आणि ड्यूटी सायकल. शेवटच्या शब्दाचा अर्थ असा की, १६० अँपियरला ६० टक्के लिहिले असल्यास दर दहा मिनिटांत सहा मिनिटे त्या प्रवाहावर काम करता येते, उरलेली चार मिनिटे यंत्रास विश्रांती द्यावी लागते. ही पट्टीच नसलेले यंत्र घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. ज्या यंत्रावर १५० ते १६० अँपियर खरोखर मिळतात व १७०-१८० व्होल्टपर्यंत जे चालते, ते शेतास पुरेसे होय.

ट्रान्सफॉर्मर व इन्व्हर्टर यांपैकी कोणते घ्यावे, याविषयी दोन मते ऐकू येतात. (घरातील दिव्यांसाठी ठेवलेल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही.) ट्रान्सफॉर्मर दणकट, त्याची वाइंडिंग जळाली तर मोटारी भरणारा कारागीर ती पुन्हा भरून देतो. तथापि तो वाहिनीतून फार प्रवाह ओढतो व शेजाऱ्यांचे दिवे मंद होतात. इन्व्हर्टर कमी विजेत स्थिर आर्क देतो. पण धूळ, दमट हवा, मुंग्या व पाली हे त्याचे शत्रू आहेत, आणि बिघडल्यास त्याचा पॅनेलबोर्ड दुरुस्त करणारा शहरातच सापडतो. सिंगल-फेजच्या गावात इन्व्हर्टरकडेच कौल द्यावा, मात्र ज्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते असाच घ्यावा.

कोकणात ही दमट हवा क्षुल्लक मानू नये. सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा पाऊस विरळा. परंतु चार महिने ओल ही नित्याचीच आहे. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि यंत्र पंधरवड्यातून एकदा थोडा वेळ चालवावे. ओलाव्याचा खरा धोका माणसास आहे. होल्डरवर काम थांबलेले असतानाही साठ-ऐंशी व्होल्टचा दाब असतो. घामाने भिजलेले हातमोजे व चिखलातील अनवाणी पाय यांस तेवढा प्राणघातक ठरू शकतो. पावसात काम करू नये, कोरड्या फळीवर उभे राहावे, आणि जोडणीत ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच व पक्के अर्थिंग अवश्य असावे. दहा क्रमांकाच्या काचेचा मुखवटा व चामडी हातमोजे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. तो वाचविणाऱ्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना होतात.

काही कामे या यंत्रास सांगूच नयेत. ट्रॅक्टरचे स्टिअरिंग व ब्रेक, डिझेलची टाकी वा रिकामे पिंप, आणि कल्टिव्हेटरचे स्प्रिंगचे दाते यांना घरी हात लावू नये. हे दाते कठीण पोलादाचे असल्याने सांध्याच्या कडेला पुन्हा तडकतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर अंगात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. ट्रॅक्टरवर काम करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, व अर्थचा चिमटा सांध्यालगत लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही.

दुकानात यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. ३.१५ मिलिमीटरचे दोन रॉड लागोपाठ पूर्ण जाळून पाहावेत. गावात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला तरुण असल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास खरेदीच्या वेळी सोबत पाठवावे. घरी आल्यावर पहिला सांधा अवजारावर न करता भंगारातील पट्टीवर करावा, थंड झाल्यावर पट्टी शेगड्यात धरून घणाने वाकवावी, आणि सांधा उघडून आत काळी मळी अडकलेली दिसल्यास प्रवाह कमी पडला किंवा हात घाईचा झाला असे समजून पुन्हा करून पाहावा.